मॅनेजरचा रिटायरमेंट प्लॅन

रहाटणीतल्या एका सोसायटीच्या गेटवरचा म्हातारा कुत्रा, त्याच्यासाठी जागेचा शोध आणि त्या शोधात वेगळाच दिसलेला आपला रोजचाच नाशिक हायवे...

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजले, की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच प्रश्न फिरायला लागतो. ‘वीकेंडला काय?’ कुणी मुळशी म्हणतं, कुणी लोणावळा, कुणी प्रामाणिकपणे ‘झोप’ म्हणतं. डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी माझं उत्तर मात्र पक्कं होतं. मला मॅनेजरसाठी वृद्धाश्रम बघायला जायचं होतं.

खूश होऊ नका, तुमच्या मॅनेजरसाठी नाही! मॅनेजर म्हणजे रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवरचा कुत्रा. पिवळट रंग, एक कान कायम दुमडलेला. नाव वॉचमनकाकांनी ठेवलेलं. कारण काय, तर तो स्वतः काही काम करत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवतो आणि उशिरा येणाऱ्याकडे जरा जास्तच रोखून बघतो. वय बारा-तेरा. म्हणजे सोसायटीपेक्षा सीनियर. इमारतीचा पाया खणत होते तेव्हा तो लेबर कॅम्पमध्ये पिल्लू होता म्हणे. आम्ही सगळे नंतर आलो, आणि बरेचसे भाड्याने.

रहाटणी माहीत नसेल तर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. पिंपळे सौदागर परवडत नाही आणि वाकडच्या ट्रॅफिकचा कंटाळा आलाय, अशा लोकांचं हे गाव. हो, गावच. पवनेच्या काठचं. टॉवरच्या मागे अजून गावठाण आहे, देवळासमोर पार आहे, आणि बंगल्याच्या पोर्चमध्ये एसयूव्हीच्या शेजारी बांधलेला बैल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो इथेच. त्या बैलाकडे नंतर येते.

तर पाण्याचा टँकर. आमच्या भागात टँकरला सीझन नसतो, बाराही महिने त्याचा हॉर्न ऐकूनच सकाळ होते. तो रिव्हर्स घेत होता आणि मॅनेजर मागच्या चाकाशी उन्हात झोपला होता. ड्रायव्हरची फार चूक होती असंही नाही. मॅनेजरला हल्ली ऐकू कमी यायचं. जीव वाचला. मागचे पाय गेले.

डॉक्टरांनी मागच्या पंजाचं एक बोट चिमट्याने जोरात दाबलं. मॅनेजर शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. ‘ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं,’ डॉक्टर म्हणाले. कण्यातला मज्जारज्जू कामातून गेला होता. मागचे पाय, शेपूट आणि लघवीवरचा ताबा, तिन्ही एकदम.

‘आता दोन रस्ते आहेत,’ ते म्हणाले. ‘एक, मी इंजेक्शन देतो, पाच मिनिटांत शांतपणे जाईल. दोन, कुणीतरी त्याचं रोजचं करायचं.’

रोजचं म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून लघवी काढायची. ती तुंबली की इन्फेक्शन, मग मूत्रपिंडं. दर चार-पाच तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडांच्या जागी जखमा. जखमेवर माशी बसली, की दोन दिवसांत किडे. ‘बाकी तब्येत ठणठणीत आहे. वर्ष-दीड वर्ष सहज काढेल,’ असं त्यांनी वर सांगितलं, आणि ती चांगली बातमी आहे की वाईट हे मला कळेना.

सोसायटीच्या ग्रुपवर मी सगळं टाकलं. दहा मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींचा पूर आला. मग कुणीतरी टाइप केलं, ‘कुठल्यातरी एनजीओला देऊन टाका ना.’ त्यावर अकरा थम्स-अप. मीही त्यातली एक. फ्रीलान्स पत्रकार म्हटल्यावर फोन नंबर शोधणं हे माझंच काम, त्यामुळे ‘मी बघते’ असंही मीच लिहिलं.

दोन दिवस फोन केले. पुण्यात जखमी, भटक्या प्राण्यांसाठी काम करणारे लोक आहेत आणि भरपूर काम करतात. बावधनची ‘रेस्क्यू’ संस्था २००७ पासून आहे. मुंढव्याला ‘ब्लू क्रॉस’ आहे. पण फोनवर बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली. जखमी जनावर उचलणं, बरं करणं, परत सोडणं याची एक साखळी असते. बरं होणारच नाही असं जनावर त्या साखळीत अडकून बसतं. एका जागेवर एक म्हातारा कुत्रा वर्षभर राहिला, तर त्या वर्षात त्याच जागेवरून बरे होऊन गेले असते असे कितीतरी बाहेर राहतात. हा हिशेब कुणी मला तोंडावर सांगितला नाही. ‘वेटिंग आहे’ एवढंच सांगितलं.

शनिवारी सकाळी गाडी काढली. कोकणे चौकातून पिंपळे सौदागर, मग नाशिक फाट्याचा तो दुमजली जेआरडी टाटा उड्डाणपूल, खाली रेल्वे, खाली मुंबई हायवे. पुलावरून उतरलं की सीआयआरटी, आणि पुढे पांजरपोळ.

पुण्यात आल्यापासून ‘पांजरपोळ’ हा माझ्यासाठी फक्त बसचा स्टॉप होता. ‘लांडेवाडीच्या अलीकडे उतर’ म्हणतात तसला. आत गाई आहेत हे ऐकून होते, पण भोसरीच्या त्या ट्रॅफिकमध्ये, कंपन्यांच्या भिंतींच्या शेजारी, खरंच एवढ्या गाई असतील असं वाटलं नव्हतं. लोक कुटुंबासकट येतात, चाऱ्याच्या पेंड्या घेतात, लहान मुलांच्या हाताने भरवतात, फोटो काढतात. मीही काढला. मग एका कोपऱ्यात एक गाय दिसली, आणि फोन खिशात गेला.

ती ‘बसलेली’ होती. आमच्या गावाकडे हा शब्द अगदी हळू आवाजात उच्चारतात. जनावर बसलं म्हणजे आता उठत नाही. तीन-चारशे किलोचं धूड एकाच कुशीवर पडून राहिलं, की खालच्या पायाचं मांस स्वतःच्याच वजनाखाली मरायला लागतं. म्हणून तिला दर काही तासांनी उलटवायचं असतं. दोन माणसं तेच करत होती. एकाने शिंग धरलं, दुसऱ्याने शेपटीच्या मुळाशी आणि मांडीखाली हात घातला, ‘हं’ म्हणाले आणि ती वळली. खाली ताजा भुसा टाकला. मग पुढच्या गाईकडे गेले. सगळं मिळून दोन मिनिटं. दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर करुणा वगैरे काही दिसत नव्हती. पाठ दुखत असल्यासारखी दिसत होती.

मी विचारलं, ‘दिवसातून किती वेळा?’

‘जितक्यांदा जमंल तितक्यांदा,’ एक जण म्हणाला. कुत्र्याचं विचारायला गेले तर हसला. ‘इथं गाईगुरं, ताई.’

गंमत अशी आहे, की मुंबईचा पांजरपोळ कुत्र्यांपायी सुरू झाला! १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला. एका कुत्र्याला आठ आणे बक्षीस. बक्षिसाच्या लोभाने घरातली कुत्रीही ओढून मारली जायला लागली. पारशी समाजात कुत्र्याला धर्माने मोठा मान. ६ जूनला त्यांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद आणि फोर्टमध्ये दंगल. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढला. मारू नका, आमच्याकडे आणून द्या, असा तो सौदा होता. कुत्री, डुकरं, जे मरायला निघालं होतं ते सगळं आत. पुढे काळाच्या ओघात पांजरपोळ आणि गाय हे समीकरण पक्कं झालं.

पैशाचंही तसंच. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळांना एका देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. पन्नास रुपयांत गाय जेवते का, हा वेगळा विषय. जनावराला त्याच्या वजनाच्या दोन-अडीच टक्के तरी कोरडा चारा लागतो, तुम्हीच गणित करा. पण मॅनेजरसाठी पाच रुपयेही कुठल्या कागदावर नव्हते. उलट गेल्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये, सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड अशा जागांमधली भटकी कुत्री उचलून ‘शेल्टर’मध्ये ठेवायला सांगितलं होतं. टीव्हीवर सगळे ‘शेल्टर, शेल्टर’ ओरडत होते. मी तेच शेल्टर शोधत गाडीवरून फिरत होते.

मी मूळची सांगलीकडची, आष्ट्याची. आमच्याकडे म्हातारं जनावर म्हणजे बैल. लहानपणी उसाच्या सीझनला कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग बघत आम्ही शाळेत जायचो. टनावारी ऊस, डांबरी रस्ता, खुरं घसरायची. खांद्यावर जू घासून सूज येते, तिला खांदेसूज म्हणतात. बेंदराला त्याच खांद्यांना हळद आणि लोणी चोळून, शिंगं रंगवून मिरवणूक. दुसऱ्या दिवशी परत जू. मला त्यात तेव्हा काही विसंगत वाटलं नव्हतं.

मग २०१५ आलं. १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेल्या कायद्याला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची सही मिळाली आणि राज्यात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारा बैल बाजारात विकून नवीन घेण्याची साखळी एका दिवसात तुटली. कायदा बरा की वाईट, यावर आमच्या घरात अजून जेवणं थंड होतात. पण कायद्याने बैलाचं मरण थांबवलं, म्हातारपण कुणाच्या अंगावर टाकलं ते मात्र त्यात नव्हतं. सांगली-सोलापूर पट्ट्यात ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून हेच काम करते. कारखान्यांवर ओझी ओढणाऱ्या बैलांवर, गाढवांवर फुकट उपचार, आणि थकलेल्या बैलांना रिटायर करून ठेवायची जागा. रिटायर बैल! मी हे पहिल्यांदा माझ्या आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘त्याला पेन्शन कोण देतं?’ चेष्टेत म्हणाले होते. पण प्रश्न तोच होता.

भोसरीतून परत फिरणार तेवढ्यात फोन वाजला. एका मैत्रिणीच्या मैत्रिणीने नंबर दिला होता त्या ताई. ‘चाकणच्या पुढे आहे. येऊन बघ. पण कुत्रा आणू नकोस.’

नाव आणि पत्ता छापायचा नाही, या अटीवर मी लिहितेय. कारण आधी मला नाटकी वाटलं. गेटवर गेल्यावर कळलं. गेटच्या लोखंडी पाइपला तीन-चार दोऱ्या लोंबत होत्या, कापलेल्या. ‘रात्री बांधून जातात,’ ताई म्हणाल्या. ‘एकदा पेपरात नाव आलं. त्या महिन्यात अकरा कुत्री, एक पोपट आणि एक आंधळा घोडा. वरातीचा होता. कपाळावरची गोंड्याची पट्टी तशीच होती त्याच्या.’

एकरभर भाड्याची जमीन, पत्र्याच्या चार शेड. आत चाळीसेक कुत्री, काही मांजरं, वीटभट्टीवरून आलेली दोन गाढवं, एक तीन पायांची म्हैस. आणि तो घोडा. मी मनात काय चित्र घेऊन गेले होते, ते आता सांगायची लाज वाटते. ‘होलिस्टिक सँक्च्युअरी’ वगैरे वाचलेलं होतं ना! मसाज, मंद संगीत, हिरवळ. इथे पहिला वास आला तो फिनेलचा आणि दुसरा भाताचा. महिन्याला अडीच क्विंटल तांदूळ लागतो.

ताईंचे यजमान चाकणच्या एका ऑटो पार्टस कंपनीत फर्स्ट शिफ्टला. त्यांच्यामुळे ही जागा म्हणजे आपल्या इंडस्ट्रियल बेल्टचं वेगळंच प्रदर्शन आहे. खाली अंथरायला कंपनीतल्या जुन्या कन्व्हेयरचे रबरी पट्टे, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि पाणी मारलं की साफ. गाद्या कारच्या सीटच्या फोमच्या कटिंगच्या, वर रेक्झिन शिवलेलं. अपंग कुत्र्यांचे गाडे पीव्हीसी पाइपचे, त्यांना ट्रॉलीची चाकं. भिंतीवर व्हाइट बोर्ड, त्यावर शिफ्ट चार्ट. सहा, अकरा, चार, नऊ. प्रत्येक खणात नाव आणि खूण. ‘फाइव्ह एस राबवलंय हो आम्ही,’ दादा हसून म्हणाले, ‘ऑडिटर मात्र कुणी येत नाही.’

मसाज खरंच होता. एक बाई गाढवाच्या मागच्या पायांना कोमट तेल चोळत बसल्या होत्या. पाय ताणायचा, दहा मोजायचे, सोडायचा. निळ्या ड्रममध्ये पाणी भरून एका कुत्रीला पोटाखाली पंचा धरून पोहवत होते. पाण्यात अंगाचं वजन कमी होतं, त्यामुळे जे पाय जमिनीवर हलत नाहीत ते तिथे थोडे हलतात. हळदीचं विचारलं तर ताई म्हणाल्या, ‘हळद लावते की. पण दुखण्याला डॉक्टर जे लिहून देईल तेच. हळद लावून, मंत्र म्हणून दुखणं जात असतं तर मी कशाला आले असते यात?’

दुखण्याच्या औषधाची एक गोष्ट मला तिथेच कळली. गाईगुरांना पूर्वी सर्रास डायक्लोफेनॅक टोचायचे. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. देशातली गिधाडं जवळपास संपली, तेव्हा कुठे २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता मेलॉक्सिकॅम देतात, ते गिधाडांना चालतं. म्हाताऱ्या गाईच्या सांधेदुखीची गोळी आभाळातल्या पक्ष्यापर्यंत पोहोचते. सॉलिड आहे ना? आणि तरी मला वाटतं, आपल्याकडे या बाबतीत मूळ घोळ वेगळाच आहे. म्हाताऱ्या जनावराला मारायचं नाही हे आपण फार पूर्वी ठरवलं, त्याचा अभिमानही बाळगला. त्याला दुखतंय का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

ताई ते विचारतात. त्यांच्याकडे दोनशे पानी वह्या आहेत, प्रत्येक जनावराची वेगळी. रोज तीनच प्रश्न. खाल्लं का? हललं का? ओळखलं का? समोर हो किंवा नाही. लागोपाठ तीन दिवस तिन्ही ‘नाही’ आले, की डॉक्टरांना फोन.

‘म्हणजे इंजेक्शन?’ मी विचारलं.

ताईंनी मान हलवली. दादा उठून म्हशीकडे गेले.

दादांचं घराणं वारकरी. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर, घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ. त्यांना हे मान्य नाही, कधीच झालं नाही. पहिल्या वेळी नवरा-बायको आठ दिवस बोलत नव्हते. ताईंचं म्हणणं, ‘माझ्या सासूबाई शेवटचे चार महिने कशा गेल्या ते मी पाहिलंय. मला बोलता येत नसतं आणि तसं दुखत असतं, तर माझ्यासाठी कुणी तरी हे करावं.’ दादांचं म्हणणं, ‘आपण दिलेला नाही तो जीव आपण घ्यायचा नाही.’ दोघांपैकी कुणी कुणाला पटवलेलं नाही. फक्त आता असं होतं, की डॉक्टर आले की दादा त्या जनावराचं डोकं मांडीवर घेऊन बसतात. बाकीच्या कुत्र्यांना आधी पलीकडच्या शेडमध्ये नेतात. २००१ साली भटक्या कुत्र्यांसाठी जे सरकारी नियम आले, त्यात एक ओळ होती की एका कुत्र्याच्या देखत दुसऱ्याला इंजेक्शन देऊन मारायचं नाही. कुठल्या सरकारी बाबूने ती ओळ घातली असेल, त्याला एकदा भेटायला आवडेल मला.

आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दादा आळ्याला जातात. याच नाशिक हायवेवर आळेफाट्याजवळ आळे गाव आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. परतीच्या वाटेवर तो रेडा गेला आणि माउलींनी त्याला तिथे ठेवला, अशी कथा. तिथे नारळ फोडतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतात. ताई कधी बरोबर गेल्या नाहीत. पण डबा करून देतात.

मला हा रस्ता माहीत होता असं मी समजत होते. चाकण चौकातलं ट्रॅफिक, मोशीचा टोल, नारायणगावची मिसळ. पण आता बघा. भोसरीला पांजरपोळ. खेड-मंचरच्या बाजूला बैलगाडा शर्यतींचे घाट. २०१४ मध्ये कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, आणि या सगळ्या काळात पळायच्या वयाचे बैल म्हातारे झाले. नारायणगावहून जुन्नरकडे वळलं, की माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र. उसात, विहिरीत सापडलेले, परत जंगलात सोडता न येणारे बिबटे तिथे उरलेलं आयुष्य काढतात. आणि आळ्याला चक्क एका रेड्याची समाधी. थकलेल्या जनावरांची एवढी सोय दुसऱ्या कुठल्या हायवेवर असेल असं वाटत नाही.

फक्त मॅनेजरची नव्हती. निघताना मी शेवटचं विचारलंच. ‘ताई, एक तर जागा होईल ना? पैसे आम्ही देऊ. सोसायटी मोठी आहे.’

‘पैसे सगळेच देतात,’ त्या म्हणाल्या. ‘पहिले तीन महिने.’ मग मला एका कुत्र्याजवळ बसवलं. ‘हात दे इकडे.’ माझा हात धरून त्याच्या पोटाच्या मागच्या भागात, मांड्यांच्या अलीकडे ठेवला. ‘पाण्याने भरलेला फुगा लागतोय? छोटा. हां. जोर नको. पिळल्यासारखं नाही, दोन्ही बाजूंनी सावकाश.’ पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी माझी चप्पल भिजली. ‘आलं की तुला!’ ताई म्हणाल्या, जणू मी पुरणपोळी लाटली होती.

रविवारी रात्री ग्रुपवर मेसेज टाकला. ‘कुठलीतरी एनजीओ मिळाली नाही. आपल्यालाच करावं लागेल. चार वेळा, दहा मिनिटं. कोण?’

थम्स-अप आले नाहीत. बराच वेळ काहीच आलं नाही. मग पाचव्या मजल्यावरचा एक मुलगा, जो अमेरिकेची शिफ्ट करतो आणि ज्याला आम्ही कुणी नीट पाहिलेलंही नाही, त्याने लिहिलं, ‘रात्री १ ला माझा ब्रेक असतो. शिकवाल का?’ तीनशे दोनमधल्या आजी म्हणाल्या की वाकायला जमणार नाही, पण चारची गोळी लोण्यात घालून देईन. सकाळी सहा वॉचमनकाका. अकरा मी. सेक्रेटरींनी एक महिन्याची मुदत दिली. पार्किंगमध्ये वास येता कामा नये, ही अट. त्यांचंही चूक नाही. आला असता वास तर मीच आधी कुरकुर केली असती.

आणि मग गावठाणातले आबा आले. पोर्चमध्ये बैल बांधणारे तेच. बातमी कशी लागली माहीत नाही. बैल एकेकाळी शर्यतीचा, नाव काढलेला. आता पुढचे दोन दात पडलेत, कडबा चावत नाही म्हणून आबा कोंडा भिजवून देतात. जमीन गेली, तीन फ्लॅट आले, बैल राहिला. मुलगा म्हणतो विका, पण विकायचा कुणाला? आबांनी मॅनेजरची गादी बघितली, नाक मुरडलं. ‘फोम नको पोरी, फोम मूत पितो.’ मी रेक्झिनचं सांगितलं. ऐकलं नाही. संध्याकाळी भुश्श्याचं पोतं आणून टाकलं आणि गुडघे टेकून मॅनेजरला असा अलगद वळवला, की त्याने डोळेही उघडले नाहीत.

आज सत्तावीस दिवस झाले. डाव्या मांडीवर एक जखम झाली होती, भरत आलीय. एकदा रात्रीची पाळी चुकली आणि दोन दिवस ताप होता. आपलं हे किती दिवस टिकेल, मला खरंच सांगता येत नाही. फेब्रुवारीत माझं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय. मुदतीचे तीन दिवस उरलेत आणि सेक्रेटरी अजून त्याबद्दल काही बोललेले नाहीत. परवा मात्र पार्किंगमध्ये उभे राहून नाकाने दोनदा वास घेऊन गेले.

वही गेटवर, वॉचमनकाकांच्या टेबलवर असते. व्हिजिटर रजिस्टरच्या खाली. खाल्लं का, हललं का, ओळखलं का. तिसऱ्या प्रश्नावर पहिले काही दिवस आम्ही सगळेच अडायचो. कुत्रा ओळखतो म्हणजे शेपूट हलवतो, एवढंच आपल्याला माहीत. त्याची शेपूट तर गेलीय. काल रात्री एकच्या खणात पाचव्या मजल्यावरच्या मुलाने लिहिलंय, मराठी त्याची जरा कच्ची आहे: ‘हो. शेपूट नाही. दुमडलेला कान उभा केला.’